चौसष्ट एमबीचं पत्रक

"ह्याच्यावर चालंल का?"

राजारामपुरीतल्या त्या दुकानात मी सव्वादोन वर्षं काम केलं. या एका प्रश्नाचं उत्तर देण्याचाच मला पगार मिळत होता, असं आता वाटतं. विचारणाऱ्याच्या एका हातात नव्या गेमची सीडी असायची आणि दुसऱ्या काखेत, रिक्षात किंवा स्कूटरच्या पुढच्या जागेत त्याचा सीपीयू. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. दोन हजार तीनच्या आसपासची ही गोष्ट. घरात कॉम्प्युटर यायचा तो पोरांच्या अभ्यासासाठी, असं बाप सांगायचा. वर्षभरात त्यावर गेम सुरू व्हायचे. आणखी वर्षभरात असा एखादा गेम यायचा की तो या कॉम्प्युटरला पेलेल की नाही, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. मग ते आमच्याकडे यायचे.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे या धंद्यातल्या गमती मागितल्या आहेत. गमती होत्या. पण आठवायला बसले की आधी संताप येतो, आणि तो गाळून लिहायचं तर माझ्याकडे पानभरही मजकूर उरत नाही. म्हणून संतापासकट लिहिते.

पहिला संताप काउंटरवरचा. मी दुकानात बसलेली एकुलती एक मुलगी. गिऱ्हाईक आत यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, आत कोण माणूस न्हाई काय? मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबा उघडेपर्यंत त्याची नजर दाराकडे असायची. त्याची मला सवय झाली. पुढच्याची झाली नाही.

बाहेरच्या माणसासाठी आधी धंदा सांगते. गेम मुख्यतः तीन गोष्टींवर चालतो. प्रोसेसर डोकं चालवतो. रॅम म्हणजे काम करताना सामान पसरायला मिळणारी जागा. आणि ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचं चित्र काढतं. जुन्या मशिनीत बहुतेक वेळा यातली एखादीच गोष्ट अपुरी पडते. ती बदलली की उरलेला डबा आणखी दोन वर्षं सुखानं चालतो. कुठली गोष्ट अपुरी आहे ते शोधून खरं सांगणं, एवढंच आमचं काम.

गेमच्या खोक्यावर मागं बारीक अक्षरात 'कमीत कमी काय लागेल' याची यादी छापलेली असायची. कमीत कमी म्हणजे गेम सुरू होईल. तो खेळता येईल, असं ती यादी कुठंच म्हणत नाही. एकदा एका वकिलांनी आमच्या काउंटरवर उभं राहून भिंगातून ती यादी वाचली आणि मला विचारलं, "यात चालेल असं कुठल्या ओळीत लिहिलंय?" कुठल्याच ओळीत नव्हतं. "मसुदा चांगला केलाय," म्हणाले आणि खोकं काउंटरवर ठेवून निघून गेले. सव्वादोन वर्षांत भेटलेलं ते सगळ्यात शहाणं गिऱ्हाईक.

बाकीची शहाणी नव्हती असं नाही. त्यांचा आमच्यावर विश्वास होता.

आमच्या मालकांना आम्ही दादा म्हणायचो. दादा वाईट नव्हते. हार्डवेअरच्या कामाला मुलगी ठेवणारे त्या गल्लीत ते एकटे. आजारपणात रजा द्यायचे, आवाज चढवायचे नाहीत. ते वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर आमच्याकडे यायचे. पासष्टी ओलांडलेली, आणि नाद विमान उडवण्याच्या गेमचा. जन्मात विमानात बसले नव्हते, पण धावपट्टीवर उतरताना चाकं कधी काढायची ते मला समजावून सांगायचे. त्या गेमची नवी आवृत्ती आली तेव्हा ते सीपीयू घेऊन आले. दादांनी तो पार्टिशनच्या मागं नेला, थोड्या वेळानं बाहेर आणून जोडला आणि गेम लावला. विमान अडखळायला लागलं. उडतंय, थांबतंय, परत उडतंय. मास्तरांनी डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हातारं झालं की हे." मग त्यांनी नवीन सेट घेतला आणि जुना एक्स्चेंजमध्ये ठेवून गेले.

त्या डब्याला दोन वर्षंही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तो साफ करायला घेतला. त्या वेळच्या विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आत आत गेलं की एक सरकपट्टी असायची. ती उजवीकडे असली की चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्ड करायचं. डावीकडे ओढली की कार्ड नुसतं बसून राहायचं आणि सगळा बोजा प्रोसेसरवर पडायचा. मास्तरांच्या मशिनीची पट्टी डावीकडे ओढलेली होती. मी ती उजवीकडे नेली आणि तोच गेम लावला. विमान अगदी मऊ उडालं.

मी दादांना विचारलं. त्यांनी लपवलंही नाही. म्हणाले, "गिऱ्हाईक डोळ्यानं बघितल्याशिवाय मानत न्हाई. आज ना उद्या ते मशीन जुनं होणारच हाय. आपण जरा आधी दाखवतो."

जरा आधी दाखवतो. हे तीन शब्द मी आजही माफ केलेले नाहीत.

आणि त्यापुढचे सात महिने ती पट्टी मीही ओढली. दादा नजरेनं खूण करायचे आणि मी डबा पार्टिशनच्या मागं न्यायची. पोटासाठी केलं असं म्हणता येईल. म्हणत नाही. ज्या घरात मी वाढले, त्या घरातल्या माणसानं हे कारण पुढं करू नये.

ते घर म्हणजे पत्रकांचं घर. माझे बाबा लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारे. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, शेतमजुरी केली आणि पोराला अक्षरओळख दिली. बाबांनी त्या अक्षरांतून पोट भरलं. सभा, मोर्चा, पाणवठ्याचं भांडण, वसतिगृहातलं जेवण, अशा प्रत्येक कारणाचं पत्रक आमच्या घरातून लिहून जायचं. मी वाचायला शिकले ती चुकलेल्या प्रुफांवर. अन्याय दिसला की त्याचं पत्रक काढायचं, हे आमच्याकडे दात घासण्याइतकं रोजचं होतं. तशा घरातली मुलगी सात महिने पट्टी ओढत होती.

मग एप्रिलात शेवंताअक्का आल्या. कागलच्या. पन्नाशीच्या, शेतकरी घरातल्या. एसटीनं आल्या, आणि सीपीयू वाकळेत गुंडाळून आणलेला. आत पाऊल टाकताच त्यांनी आजूबाजूला न बघता ते गाठोडं माझ्या हातात दिलं. "पोरी, जरा धर. वाटंत लई हिसकं बसल्यात त्याला." माणूस कुठं आहे असं त्यांनी विचारलं नाही. ते मला लगेच जाणवलं.

दादा दुसऱ्या गिऱ्हाइकात होते, तोवर त्यांनी सगळं सांगितलं. स्टँडजवळ त्यांचा गाळा होता, त्यात आठ मशिनी. कॉलेजची पोरं तासावर येऊन गेम खेळायची. आता हायवेच्या कडेला नवं पार्लर झालं होतं आणि तिथं लढाईचा नवा गेम लागला होता. समुद्रकिनाऱ्यावर उतरून किल्ला घ्यायचा, असा काहीतरी. पोरं अक्कांच्या शब्दातली होती. पण पोरांनी मुदत दिली होती. मे महिन्याच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारी तो गेम इथं लागला तर आम्ही इथंच, नाहीतर तिकडं. "पोरं गेली की गाळा सोडायचा," अक्का म्हणाल्या. "मालक दूध संस्थेत हायत, तेवढ्यावर घर चालंल. पर हे माझं हाय."

दादांनी डबा मागं नेला. बाहेर आणून जोडला. किल्ल्याचा गेम सुरूच झाला नाही. मग जुना एक लावून दाखवला, तोही लंगडायला लागला.

"आठी मशिनं बदलायची?" अक्कांनी विचारलं.

"आठी. जमाना बदललाय, अक्का."

त्यांनी सीपीयू परत वाकळेत बांधला. मी तिथंच उभी होते. हातात स्क्रू ड्रायव्हर होता आणि तोंडात जीभ होती. दोन्हीतलं काही वापरलं नाही.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहायला घेतलं. जुन्या मशिनीवर नवा गेम चालतो का, आणि दुकानदार फसवतो तो कसा. पट्टी कुठं असते, ती कशी बघायची. माझ्या मसुद्यात एक लांब वाक्य होतं. चौसष्ट एमबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड घ्या, पण त्यावरची चिप नव्या पिढीची आहे ना ते विचारा, कारण जुन्या चिपवरही चौसष्ट एमबी मिळते.

बाबांनी पेन्सिल घेतली. पत्रकाबाबत त्यांचा नियम कडक होता. माणूस पत्रक चालता चालता वाचतो, एका ओळीत एकच गोष्ट. "'पण' काढ, 'जर' काढ, 'कारण' काढ. लोक पहिल्या स्वल्पविरामाला कागद टाकतात." हा नियम त्यांनी चाळीस वर्षं पाळला होता आणि त्या नियमानं भिंती हललेल्या मी पाहिल्या होत्या. ते वाक्य असं उरलं: चौसष्ट एमबीचं कार्ड घाला. नवा गेम चालतो.

दोष बाबांवर टाकत नाही. बाबांना चिप म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी ती ओळ पाहिली आणि ती मला आवडली. ठोक्यासारखी होती.

पाचशे प्रती काढल्या. राजारामपुरीच्या गल्ल्यांत, क्लासेसच्या दारात, रिक्षा थांब्यावर वाटल्या. आठवड्यात लोक पत्रक खिशात घालून दुकानात यायला लागले. "ती पट्टी आधी दाखवा," म्हणायचे. दादांना वाटलं, हे समोरच्या दुकानदाराचं काम. मी पार्टिशनमागं तोंड दाबून हसले. आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे पंधरा दिवस. मला वाटलं, मीही आता घराण्याला शोभले.

सुट्टीच्या दिवशी मी कागलला गेले आणि अक्कांच्या हातात पत्रक दिलं. त्या दिवशी काय झालं होतं ते सांगितलं. त्यांच्या मशिनीची पट्टी उजवीकडे नेऊन दाखवली. जुना गेम पळायला लागला. अक्कांनी दादांना एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. मग पत्रक भिंतीला चिकटवलं. किल्ल्याच्या गेमला मात्र मशिनीतली रॅम आणि कार्ड अपुरं पडणार होतं. रॅम आणि आठ कार्डं त्या स्वतः आणणार, रविवारी सकाळी मी येऊन बसवणार, असं ठरलं.

रविवारी गाळ्यात पोरं आधीच जमली होती. अक्कांनी दाराला पाणी मारलं होतं. आठ खोकी टेबलावर ओळीनं मांडलेली. दुसऱ्या एका दुकानात पत्रक दाखवून, 'ह्यात लिवलंय तसलंच द्या' म्हणून आणलेली. एकेका खोक्यावर भला मोठा आकडा आणि कुठल्यातरी योद्ध्याचं चित्र. चौसष्ट एमबी. शब्दाला शब्द माझ्या पत्रकाप्रमाणं.

मी पहिलं खोकं फोडलं, कार्ड हातात घेतलं, चिपवरचं नाव वाचलं आणि मला समजलं. जुनी चिप. नव्या आकड्याच्या खोक्यात घातलेली जुनी चिप. बाजारात तेव्हा हे सर्रास चालायचं. मेमरी किती हे म्हणजे पैलवानाचं ताट केवढं ते सांगणं. त्याला डाव किती येतात ते ताटावरून कळत नाही. या नव्या गेमला पाण्यावर चमकणारं ऊन काढून हवं होतं, धुरातून दिसणारा किल्ला काढून हवा होता. तो डाव त्या चिपला शिकवलेलाच नव्हता. अशी चिप ते काम हळू करत नाही. करतच नाही.

तरी मी आठही खोकी फोडून बघितली आणि त्यातलं एक कार्ड बसवलं. आपण चुकलोच नसू, ही आशा माणसाला किती वेळ उभं ठेवते. गेम सुरू केला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मागं उभ्या एका पोरानं त्या वाचल्या आणि म्हणाला, "अक्का, कार्ड जुनं हाय म्हणतंय ते."

"कालच आणलंय की," अक्का म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं.

मीच पोरांना सांगितलं की हा गेम यावर लागणार नाही आणि चूक माझी आहे. पोरं चांगली होती. अक्कांचा मान राखायला तासभर जुना गेम खेळली. मग एकेक करून उठली. पुढच्या आठवड्यात सगळी हायवेवर होती. खोकी फोडलेली म्हणून दुकानदारानं कार्डं परत घेतली नाहीत.

पोरं गेल्यावर अक्कांनी चहा मांडला. मला वाटलं, त्या समजून घेतील. चांगल्या हेतूच्या माणसाला समजून घेतलं जाईल, अशी फार खात्री असते. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "त्या कार्डवाल्या दुकानदारानं फसवलं असतं तर त्याच्या दारात जाऊन भांडण काढलं असतं. तू खरं म्हणून सांगितलंस. आता मी भांडायचं कुणासंगं?"

"माझ्याशी भांडा," मी म्हणाले.

"मग बस."

चिपचा 'पण' पत्रकातून कसा गळला ते मी सांगितलं, आणि त्या भांडल्या. चहा निवेपर्यंत, निवल्यावरही. मला म्हणाल्या, तुला ठाऊक होतं तर लिहिलं का नाहीस? आम्हांला 'पण' समजत न्हाई असं वाटलं व्हय तुला? एसटीनं ये-जा करून आठ मशिनींचा धंदा करणारी बाई एक लांब वाक्य वाचू शकणार नाही, असं तुला कुणी सांगितलं? मग त्यांनी भिंतीवरचं पत्रक उपटून माझ्यासमोर धरलं. "आणि ह्यावर तुझं नाव कुठाय? दुकानदाराची पाटी तरी हाय दारावर. तुझं काय हाय?"

नाव नव्हतं. 'एक जाणकार' असं छापलं होतं. नोकरी जाईल म्हणून.

मला दादांचा राग होता, खोकी छापणाऱ्यांचा होता, कालच्या चिपला आजचा आकडा लावणाऱ्या बाजाराचा होता. तो आजही कमी झालेला नाही. पण कागलहून परतताना एसटीत मला ज्याची लाज वाटत होती, ती गोष्ट बाजारानं केली नव्हती.

दुसरं पत्रक मी दोन दिवसांत लिहिलं. पहिल्या ओळीत माझं नाव आणि घरचा पत्ता. दुसऱ्या ओळीत, मागच्या पत्रकात मी चुकीचं छापलं. मग चिपचं सगळं, 'पण' आणि 'जर' आणि 'कारण' यांच्यासकट. शेवटी, ती पट्टी मी स्वतः सात महिने ओढली आहे. बाबा वाचून म्हणाले की पत्रकात कबुली देत नाहीत, समोरचा तीच पकडतो. मी म्हणाले, पकडू दे. बाबांनी पत्रक पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी खिळे जुळवायला घेतले. पान गच्च भरलं, अक्षर बारीक करावं लागलं. त्यांनी एकही 'पण' गाळला नाही.

दादांनी ते दुकानातच वाचलं, माझ्यासमोर. पूर्ण वाचलं. "उद्यापासून येऊ नको," म्हणाले. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "दुकानाचं नाव घातलं न्हाईस ते बरं केलंस." नाव का घातलं नाही, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ते घालायला हवं होतं, असं अधूनमधून वाटतं.

आता मी घरीच दुरुस्तीचं काम करते. कुणी 'चालंल का' विचारलं की तोंडी उत्तर देत नाही. मशीन ठेवून घेते, गेम लावते आणि गिऱ्हाइकाला अर्धा तास स्वतः खेळायला बसवते. कधी कधी पोरांचे बापच उठत नाहीत.

अक्कांचा गाळा पुढची दिवाळी बघू शकला नाही. मशिनी विकायच्या ठरल्या तेव्हा त्यांनी मला निरोप पाठवला. गारगोटीहून टायपिंगचा क्लास चालवणारे एक सर टेम्पो घेऊन आले होते. आठही डबे बाहेर ओळीनं लावलेले. सरांनी अक्कांना विचारलं की मशिनी जुन्या दिसतात, टायपिंगला तरी चालतील ना.

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं.

"हिला इचारा. ही खोटं बोलत न्हाई. चुकती. म्हणून दोनदा इचारा."

मी आठही मशिनी एकेक करून जोडल्या, चालू केल्या आणि प्रत्येकीवर सरांना पानभर टायपिंग करायला लावलं. त्याला दुपार गेली. मग त्यांनी मला विचारलं, चालतील ना? मी हो म्हणाले. त्यांनी एकदा अक्कांकडे बघितलं, आणि परत विचारलं.